कासवाची दृष्ट

एलादियो सहा अंडी चमच्याने खात होता आणि मी चुलीपाशी उभी राहून जळत होते.

अंड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. साठ खा. पण चमच्याने? माझी मक्याची गिरणी आहे. सान लुकासमध्ये ज्याच्या तव्यावर तोर्तिया, आमची मक्याची भाकरी, पडते, त्याचा मका आधी माझ्या जात्याखालून गेलेला असतो. आणि ज्याच्याशी लग्न करायचं म्हणून मी नऊ वर्षं थांबले, तो माणूस माझ्यासमोर बसून ऑपरेशन झालेल्या पेशंटसारखा चमच्याने नाश्ता करतो. का? तर जिल्ह्याच्या गावातल्या जिमवाल्याने सांगितलं, सकाळी भरपूर प्रोटीन आणि तोर्तिया बंद. एलादियो 'प्रोटीन' हा शब्द असा काही उच्चारायचा, की एखादा नवीन संत निघालाय आणि त्याची मिरवणूक कोपऱ्यापर्यंत आलीय असं वाटावं.

आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूच्या दुःखभोगाचं नाटक होतं. ख्रिस्त व्हायचं तर दोन अटी. एक म्हणजे टेकडीवरच्या देवळापर्यंत क्रूस एकट्याने नेता आला पाहिजे. दुसरी म्हणजे माणूस अविवाहित हवा आणि जास्तीत जास्त तेहतीस वर्षांचा, कारण येशूचं वयही तेवढंच. एलादियो लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या आईने, जिला गाव मानाने 'दोन्या' म्हणतं त्या सेराफिनाने, क्रुसाचा नवस बोलला. नवस फिटल्याशिवाय लग्न नाही, हे तिचं म्हणणं. लग्न झालं की ख्रिस्त होता येत नाही, हे नाटकाच्या समितीचं म्हणणं. या दोघांच्या मध्ये मी, नऊ वर्षं.

दरवर्षी उपवासकाळ लागण्याआधीच्या रविवारी निवड होते. उमेदवाराने क्रुसाची तुळई माझ्या गिरणीपासून देवळापर्यंत नेऊन दाखवायची. एलादियोचा एका वर्षी पाय मुरगळला. एका वर्षी मागे कुत्रं लागलं. एका वर्षी तर तो निवडून आला, मी लग्नाचा केकसुद्धा सांगून आले, आणि दोन आठवड्यांनी त्याला गालगुंड झालं. समितीने सांगितलं, दोन्ही गाल एवढाले असलेला ख्रिस्त चालणार नाही.

यंदा तो तेहतीस वर्षांचा होता. शेवटची संधी. आज तुळई वर गेली तर ईस्टरनंतर आमचं लग्न. नाही गेली तर काय, हे विचारायची हिंमत कुणात नव्हती. माझ्यातही नव्हती, आणि मी तशी भित्री नाही.

म्हणून गेला दीड महिना रोज पहाटे मी गिरणी सुरू करून दोन्या सेराफिनाच्या स्वयंपाकघरात येत होते. मुलाने लग्नाआधी मुलीच्या घरी जाऊन नाश्ता करणं तिच्या मते पाप. मुलीने मुलाच्या घरी येऊन नाश्ता करून घालणं आणि वर भांडी घासणं, हे मात्र पाप नाही.

त्या रविवारीही मी आले. काळा घेवडा रात्रीच शिजवून ठेवला होता, तो चरबीत कांद्यावर परतून घोटला. फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांचे काटे खरवडले, तुकडे करून उकडले, आणि त्यांचा चिकटपणा जाईपर्यंत धुतले. टोमॅटो, मिरच्या आणि लसूण तव्यावर काळपट भाजून दगडी खलात रगडले. मग फ्रिजवरच्या ट्रेमधून हाताला येतील ती अंडी घेतली, त्याची सहा आणि माझी दोन, एकाच भांड्यात फेटली आणि निवडुंगावर ओतली. वरून ताजं चीज कुस्करलं, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया टाकल्या. एवढ्यावर एखादा बैल नांगरट करून आला असता.

एलादियो बशी पुढ्यात घेऊन चमचा शोधायला लागला. मी माझा वाटा पॅनमधूनच खाल्ला, गरम तोर्तियात गुंडाळून, त्याच्या तोंडासमोर, मुद्दाम हळूहळू.

"ब्रिही, असं करू नकोस," तो म्हणाला. "वास येतो."

"मग खा एक."

"नको. आजच्या दिवस नको. तुझ्यासाठीच करतोय ना हे सगळं?"

"माझ्यासाठी करायचं असेल तर चमचा खाली ठेव."

तेवढ्यात बाहेर भुर्र झालं. छान, खणखणीत, न अडखळता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण हा आवाज त्या घरात बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. दोन्या सेराफिनाकडे तिच्या नवऱ्याच्या मागे राहिलेली एक गोल पाठीची जुनी मोटार आहे. तिला सगळे कासव म्हणतात. महिनाभर तिने जागचं हलायचं नाव घेतलं नव्हतं.

"सुरू झालं! पहिल्याच किल्लीला!" दोन्या सेराफिना दारातून ओरडतच आत आली. रविवारचा झगा, गळ्यात मोत्यांची माळ, हातात गाडीची किल्ली. "मी म्हणतच होते, कासिमिरेचा डोळा लागलाय. रोज कुंपणावरून बघत असायची, 'किती चकचकीत ठेवलंय गं कासव, किती चकचकीत.' काल संध्याकाळी मी सरळ अंडं घेतलं आणि दृष्ट काढली. पुढच्या दिव्यांपासून मागच्या नळकांड्यापर्यंत फिरवलं. चारही चाकांवरून. तीनदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. सगळं ओढून घेतलं बघ अंड्याने!"

"छान झालं," मी म्हटलं.

"मग ते फोडून बघितलंस का, आई?" एलादियोने घास घेत विचारलं. "डोळा दिसला का?"

"फोडणारच होते रे. पेल्यात पाणीसुद्धा घेतलं होतं. पण मालिका लागली, आणि काल त्या सुनेला कळणार होतं की तिचा नवरा मेलेला नाही. म्हटलं, मालिका संपली की फोडीन आणि चौकात टाकून येईन. म्हणून जरा वेळ..."

ती थांबली. तिचे डोळे फ्रिजकडे वळले. फ्रिजवर अंड्यांचा ट्रे होता.

"म्हणून जरा वेळ काय, दोन्या सेराफिना?" मी विचारलं.

"ट्रेमध्ये ठेवलं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

एलादियोचा चमचा तोंडात होता. तो तिथेच राहिला.

दृष्ट काढलेलं अंडं खायचं नसतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. त्याला कुणी हातही लावत नाही. फोडायचं, पाण्यात बघायचं, लांब नेऊन टाकायचं आणि मागे न बघता घरी यायचं. माणसाची दृष्ट काढलेलं अंडं खाल्लं तर काय होतं, याच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्यात. मोटारीची दृष्ट काढलेलं खाल्लं तर काय होतं, हे सांगायला अजून कुणी उरलं नसावं, किंवा इतका मूर्खपणा आजवर कुणी केला नसावा.

"घाबरू नका," मी म्हटलं. "ट्रेमध्ये अजून आहेत की अंडी. त्यातलंच एखादं असेल."

"फोड," दोन्या सेराफिना म्हणाली. "सगळी फोड."

आम्ही घरातले सगळे पेले काढले. पेले संपले तेव्हा कप काढले, कप संपले तेव्हा फुलदाणी, आणि शेवटी ग्वादालुपेच्या मारियेपुढचा मेणबत्तीचा ग्लास, तिची माफी मागून. प्रत्येकात पाणी घातलं, प्रत्येकात एक अंडं फोडलं. दोन्या सेराफिना चष्मा लावून एकेका पेल्यावर वाकत होती. दृष्टीचं अंडं पाण्यात लपत नाही. बुडबुड्यांचे डोळे दिसतात, वर चढणारे धागे दिसतात. तिची मोठी बहीण म्हणे दृष्ट लावणारीचं नाकसुद्धा ओळखायची.

"हे स्वच्छ. हेही स्वच्छ. हे... थांबा. हा धागा आहे का?"

"तो माझा केस आहे," मी म्हटलं.

"हे स्वच्छ. हे बघ, यात चर्चचा घुमट दिसतोय."

"घुमट म्हणजे दृष्ट?" एलादियोने आशेने विचारलं.

"घुमट म्हणजे शिळं अंडं." तिने शेवटचा पेला खाली ठेवला, चष्मा काढला, आणि मुलाकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता छातीवर क्रूस काढून रडायला लागणार. "यातलं एकही नाही रे, बाळा."

एलादियोने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"आई, कासवाला नेमकं काय होत होतं?"

"काही नाही रे. तसं तब्येतीने चांगलं होतं."

"आई."

"पार बंद पडायच्या आधी कित्येक महिने सपाटीवर उत्तम चालायचं. चढ लागला की दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. तेवढंच."

"चढ लागला की?"

"चढ लागला की."

खिडकीतून टेकडी दिसत होती. ती त्या दिवशी मला नेहमीपेक्षा उभी वाटली, हे मी कबूल करते.

"हे बघा," मी म्हटलं, "मीही खाल्लंय. त्याच भांड्यातलं. मला काही झालं का?"

"तुझं वेगळं आहे," एलादियो म्हणाला. "तू तोर्तियाबरोबर खाल्लंस. तोर्तियाने शोषून घेतलं असेल."

दीड महिना त्या तोर्तियाला नावं ठेवली, आणि आता तिच्यात औषधी गुण सापडले! मी लाटणं शोधत होते, पण दोन्या सेराफिनाने मध्येच उपाय काढला. एलादियोचीच दृष्ट काढायची. नवीन अंडं त्याच्या पोटावरून फिरवलं की जुन्या अंड्यातलं सगळं नव्यात उतरेल. उपाय चांगला होता, फक्त घरात आता एकही अख्खं अंडं नव्हतं. दुकानं रविवारी प्रार्थनेनंतर उघडतात. उरली शेजारीण कासिमिरा, जिच्या घरी कोंबड्या आहेत.

मी कुंपणापाशी गेले. कासिमिरा वाटच बघत होती, ती नेहमीच वाट बघत असते.

"ताई, एक अंडं द्याल का?"

"एक कशाला, दोन ने ना गं. आज एलादियोचा दिवस! किती रुबाबदार दिसायला लागलाय गं तो, किती रुबाबदार. आणि कासवपण सुरू झालं म्हणे? किती छान वाजतंय गं, किती छान."

मी अंडं घेऊन धावत घरात आले. दोन्या सेराफिनाने त्याला हातही लावला नाही.

"कासिमिरेचं? जिने दृष्ट लावली तिच्याच कोंबडीचं? अगं, ते ओढून घेणार नाही, आत ढकलेल!"

"मग मला आधी का पाठवलंत?"

"मला वाटलं तू दुसरीकडे जाशील."

तर असा आमचा उमेदवार तुळई उचलायला निघाला. आईने त्याला कासवातून न्यायचं म्हटलं, पण तो कासवात बसायला तयार नव्हता. "मी आणि ते एका ठिकाणी नको," म्हणाला. मग तो चालत, मी त्याच्या बाजूने, आणि मागून दोन्या सेराफिना कासव चालवत, पहिल्या गिअरमध्ये, आनंदाने भोंगा वाजवत. महिन्याने सुरू झालेली गाडी बंद करायची तिची छाती होत नव्हती.

गिरणीपाशी अख्खं गाव जमलं होतं. समितीचे प्रमुख एपिफानियो मेस्त्री, ज्यांनी ती तुळई स्वतः तासली, ते तिच्याशेजारी एखाद्या बापासारखे उभे होते. फादर आन्सेल्मो कुल्फीवाल्याशेजारी खुर्चीवर बसून लिंबाची कुल्फी खात होते. पहिला नंबर रुतिलियोचा. रुतिलियो घरोघरी गॅसच्या टाक्या पोचवतो. त्याने तुळई खांद्यावर टाकली आणि सहज चालायला लागला. अर्ध्या चढावर त्याच्या तोंडून सवयीने लांबलचक "गॅऽऽऽस!" अशी आरोळी निघाली, आणि वरच्या गल्लीतल्या दोन बायका रिकाम्या टाक्या घेऊन दारात आल्या. पण तो थांबला नाही. देवळाच्या पायरीवर तुळई टेकवून त्याने हात झटकले.

तुळई परत खाली आणली. एलादियो पुढे झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझा राग त्या क्षणी कुठे गेला होता कुणास ठाऊक, मी फक्त मनातल्या मनात म्हणत होते, एवढं एकदा होऊ दे, पुन्हा काही मागणार नाही.

आणि खरं सांगते, तो छान निघाला. दीड महिन्याचा घेवडा फुकट गेला नव्हता. खांदे रुंद, पाऊल ठाम. सपाटी संपली. चढ सुरू झाला. बेकरीच्या वळणावर आला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले. मागून कासव घरघरत येत होतं, एका लयीत, जन्मात कधी आजारीच न पडल्यासारखं. एलादियोने तो आवाज ऐकला. त्याने मान वळवून मागे पाहिलं.

तो खोकला.

"नाही," मी म्हटलं. "एलादियो, नाही."

तो आणखी एकदा खोकला, आणि बंद पडला.

बंद पडला म्हणजे पडला नाही. उभाच होता, तुळई खांद्यावर, डोळे उघडे, पण पाय हलेना. दोन्या सेराफिनाने गाडीतून उडी मारली, आणि इतक्या महिन्यांची सवय, दोन्ही तळवे त्याच्या पाठीला लावून ढकलायला लागली. तिच्याबरोबर कासव ढकलायला रोज येणारे शेजारीही धावले. ते तर इतके सवयीचे होते की एकाने "दुसरा टाक, दुसरा!" असं ओरडून त्याला गिअरसुद्धा सुचवला. कासिमिरा मागून सांगत होती, "किती प्रेम आहे गं आईचं, किती प्रेम."

एलादियो चार पावलं पुढे सरकला आणि सगळ्यांसकट बेकरीच्या पायरीवर बसला.

एपिफानियो मेस्त्रींनी शिट्टी वाजवली. "ढकललेला ख्रिस्त धरला जात नाही," ते म्हणाले. "रुतिलियो."

लोक रुतिलियोला खांद्यावर घ्यायला गेले. तुळई रस्त्यावर पडली होती. एलादियो पायरीवर डोकं धरून बसला होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते. मला त्याची कीव येत होती, आईशप्पथ येत होती. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार, इतक्यात त्याने मान वर केली. चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा दिसत होता.

"ब्रिही, आत्ता मेस्त्री काय म्हणाले ऐकलंस? उमेदवार कमी पडतात म्हणून पुढच्या वर्षीपासून वयाची अट पस्तीस करणार आहेत. म्हणजे अजून दोन वर्षं आहेत आपल्याला!"

दोन वर्षं. आपल्याला.

पुढचं मला नीट आठवत नाही, लोकांनी सांगितलं ते सांगते. मी म्हणे रुतिलियोपेक्षा मोठ्याने ओरडले. मग वाकले, ती तुळई दोन्ही हातांनी उचलली, आधी छातीशी, मग डोक्यावर, आणि एलादियोच्या डोक्यात घालायला म्हणून त्याच्याकडे वळले. रोज भिजलेल्या मक्याचे हंडे उचलणाऱ्या बाईला त्यात विशेष काही नाही. आणि दीड महिना तो जे खात होता तेच मीही पॅनमधून खात होते, याचाही कुणी विचार केला नव्हता.

 रुतिलियोला खांद्यावर घेतलेल्यांनी त्याला खाली सोडलं.

"ब्रिहिदा," फादर आन्सेल्मो कुल्फी सांभाळत पुढे आले, "खाली ठेव ती, पोरी."

"नवस!" मी ओरडले. "अजून दोन वर्षं नवस! मी म्हातारी होऊन मरीन, फादर, आणि हा माझ्या थडग्याशी बसून चमच्याने अंडी खाईल!"

"कसला नवस? सेराफिना, तू नेमकं बोलली होतीस तरी काय?"

"काय बोलणार?" दोन्या सेराफिना रडवेली झाली होती. "पोर तापाने भाजत होतं. मी म्हटलं, देवा, याला वाचव, हा तुझ्या क्रुसाखाली खांदा देईल."

"खांदा देईल."

"हो."

"ख्रिस्त होईल असं नव्हतीस म्हणाली?"

"छे! ते यानेच ठरवलं. त्याला तो ख्रिस्ताचा लांब केसांचा टोप आवडतो."

फादरनी कुल्फीची काडी तोंडातून काढली. "अगं बाई, मग क्रुसाखाली खांदा तर कुरेनेचा शिमोनही देतो! रस्त्यात येशूला मदत करतो तो. दरवर्षी आपण ऐन वेळी रस्त्यावर दिसेल त्याला शिमोन करतो. मागच्या वर्षी हा कुल्फीवाला होता."

"मला शर्ट बदलायलाही वेळ दिला नाही," कुल्फीवाला म्हणाला.

"पण लग्न?" दोन्या सेराफिनाने विचारलं. "शिमोनला लग्न चालतं?"

"चालतं? अगं, मार्कच्या शुभवर्तमानात लिहिलंय, तो आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. दोन पोरांचा बाप! लग्न झालेलाच पाहिजे खरं म्हणजे."

मग सगळे बोलायला लागले. मेस्त्रींनी विचारलं की शिमोनला वयाची अट आहे का. फादर म्हणाले, नाही. कासिमिरा म्हणाली, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच हे झालं असतं, किती साधं गं, किती साधं. कुणीतरी विचारलं, रूफ मोठा की आलेक्सांद्र. त्यावर फादर विचार करायला लागले. आणि या सगळ्या विद्वान चर्चेत कुणाच्या लक्षातही नव्हतं, की मी अजून तुळई डोक्यावर घेऊन तशीच उभी आहे.

रागात उचलली खरी. आता खाली कशी ठेवायची ते मला कळेना. पुढे टाकावी तर एलादियो, मागे टाकावी तर फादर. राग ओसरला होता आणि त्याच्याबरोबर ताकदही. नऊ वर्षं, हेच डोक्यात घुमत होतं. नऊ वर्षं, एका केसांच्या टोपापायी.  डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

एलादियो उठला.  माझ्या मागे आला, वाकला, आणि तुळईच्या मागच्या टोकाखाली त्याने खांदा घातला. मग हळूच ती उतरवली, माझ्याही खांद्यावर येईल अशी. वजन एकदम अर्धं झालं. मी श्वास सोडला.

"वरच न्यायचीय ना ती?" त्याने मेस्त्रींना विचारलं.

"देवळात ठेवायचीय," मेस्त्री म्हणाले. "पण निवड झालेली आहे हं, एलादियो."

"झाली ना. बरं झालं. चल, ब्रिही."

आम्ही चढायला लागलो. मी पुढे, तो मागे. पाऊल जुळायला थोडा वेळ लागला, कारण त्याला जिमचं चालणं येत होतं आणि मला गिरणीचं. बेकरी मागे पडली. खाली लोकांचा आवाज बारीक होत गेला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता.

"ब्रिही."

"काय आहे?"

"बुधवारपासून उपवासकाळ लागतो. मग ईस्टरपर्यंत लग्न लावत नाहीत."

"मला माहीत आहे."

"मंगळवारी करू या? फादरना मी विचारतो. बाकी लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर करतात ते काय करायचंय, गाव नऊ वर्षं ऐकतंय."

नऊ वर्षांत तो कधी हे विचारील म्हणून मी कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली होती. दळताना, अंथरुणात, प्रार्थनेला गुडघे टेकून. काही गोड होती, बरीचशी झणझणीत होती. त्यातलं एकही त्या वेळी आठवलं नाही.

"हो," मी म्हटलं. "पण तुझं टोक जरा वर धर. सगळा भार माझ्याकडे येतोय."

त्याने वर धरलं.